विश्लेषण : चेंडू सतत डावीकडे जातो, तेव्हा चूक हाताची की काठीची? कार्स्टन सोल्हाइम यांनी शोधलेले उत्तर

कर्जत तालुक्यातल्या कडावमध्ये किंवा आसपासच्या कुठल्याही भातशेतीच्या गावात कुदळीला नवा दांडा बसवायचा असेल, तर तो आधी वापरणाऱ्याच्या हातात धरून पाहिला जातो. उंच माणसाला आखूड दांडा दिला तर दुपारपर्यंत कंबर धरते. बुटक्या माणसाला लांब दांडा दिला तर घाव हवा तिथे बसत नाही. ही गोष्ट कुणाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. गोल्फसारख्या महागड्या आणि काटेकोर खेळात मात्र ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. दुकानात एका मापाचा संच मिळायचा. चेंडू भरकटला तर खेळाडूने स्वतःला दोष द्यायचा आणि आपला फटका बदलायचा, अशी रीत होती.

ही रीत मोडण्यात सर्वांत मोठा वाटा कार्स्टन सोल्हाइम यांचा. नॉर्वेत जन्मलेला, बूट बनवणाऱ्याच्या घरात वाढलेला हा अभियंता गोल्फ शिकला तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ‘पिंग’ हे नाव आज जगभरच्या गोल्फ कोर्सवर दिसते, ते त्यांच्या गॅरेजमधून निघाले. त्यांनी नेमके काय केले, आणि काठीचा कोन व लांबी चेंडूची दिशा कशी बदलतात?

कोण होते कार्स्टन सोल्हाइम?

कार्स्टन यांचा जन्म १५ सप्टेंबर १९११ रोजी नॉर्वेतील बर्गन शहरात झाला. आई लहानपणीच वारली. वडील हर्मन बूट बनवत. बायकोच्या मृत्यूनंतर ते लहानग्या कार्स्टनला घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल शहरात आले आणि तिथे त्यांनी पुन्हा तोच व्यवसाय मांडला. कार्स्टन याच दुकानात वाढला. गिऱ्हाइकाचा पाय मापायचा, कुठे दाबतो ते विचारायचे, चामडे त्याप्रमाणे कापायचे, हे त्याचे पहिले शिक्षण.

पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. पण ते महामंदीचे दिवस होते. पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना पुन्हा बुटांच्या दुकानात यावे लागले. १९३६ मध्ये लुईस क्रोझिअर यांच्याशी लग्न झाले. संसार चालवण्यासाठी कार्स्टन यांनी घरोघर फिरून ॲल्युमिनियमची स्वयंपाकाची भांडीही विकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अभियंत्यांची गरज वाढली. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विस्तार वर्ग करून त्यांनी अर्धवट राहिलेली वाट पुन्हा धरली आणि सॅन डिएगोच्या रायन एरोनॉटिकल कंपनीत विमानांच्या चाचण्यांवर काम मिळवले. तिथून ते कॉन्व्हेअर या विमान-क्षेपणास्त्र कंपनीत गेले आणि १९५३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. तिथे त्यांनी छोट्या, उचलून नेता येणाऱ्या टीव्हीच्या रचनेवर काम केले. घरातल्या टीव्हीवर दिसणारा दोन दांड्यांचा अँटेना, ज्याला ससाचे कान म्हणत, त्याच्या रचनेतही त्यांचा हात होता.

गोल्फकडे ते कसे वळले?

जनरल इलेक्ट्रिकमधले सहकारी सुटीच्या दिवशी गोल्फ खेळत. त्यांनी कार्स्टन यांनाही ओढले. लांबचे फटके त्यांना बऱ्यापैकी जमू लागले, पण हिरवळीवर पोचल्यावर चेंडू छिद्रात ढकलण्याचा हलका फटका, म्हणजे ‘पटिंग’, काही केल्या जमेना. बहुतेक नवशिके अशा वेळी शिक्षक शोधतात. कार्स्टन यांनी हातातली काठी तपासायला घेतली.

त्या काळचा पटर साधा असे. दांडा खाली टाचेकडे जोडलेला आणि डोक्याचे वजन सगळीकडे सारखे. चेंडू मधोमध लागला तर ठीक, जरा बाजूला लागला की डोके हातात वळायचे आणि चेंडू वाट सोडायचा. कार्स्टन यांनी साखरेचे चौकोनी खडे आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन घरीच प्रयोग केला. खडे मध्यभागी एकत्र ठेवले तर काडी चटकन वळते, तेच खडे दोन्ही टोकांना सरकवले तर वळताना विरोध करते, हे त्यांच्या लक्षात आले. कावड घेऊन चालणाऱ्याला हा अनुभव असतो. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असताना कावड सहजासहजी गर्रकन फिरत नाही. भौतिकशास्त्रात याला जडत्वाचा आघूर्ण म्हणतात.

या तत्त्वावर त्यांनी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवूड सिटी येथील घराच्या गॅरेजमध्ये पहिला पटर बनवला. वजन दोन टोकांना आणि मधला भाग पोकळ, अशी रचना असल्यामुळे चेंडू लागताच तो घंटेसारखा वाजायचा. ‘पिंग’ असा तो आवाज. तेच त्याचे नाव झाले.

सुरुवातीला व्यावसायिक खेळाडू या वाजणाऱ्या काठीला हसले. पण १९६२ मध्ये जॉन बार्नम यांनी केजन क्लासिक ही स्पर्धा पिंगचा पटर वापरून जिंकली. दरम्यान नोकरीमुळे सोल्हाइम कुटुंब ॲरिझोनातील फीनिक्सला आले होते. दिवसा संगणकाचे काम, रात्री गॅरेजमध्ये पटर, असा क्रम चालला होता. लुईस हिशेब सांभाळत, मुले हाताखाली असत.

१९६६ मध्ये आला ‘अँसर’ पटर. त्याचे पहिले चित्र कार्स्टन यांनी ग्रामोफोनच्या तबकडीच्या पाकिटावर काढले होते. नाव लुईस यांनी सुचवले. इंग्रजीतल्या ‘उत्तर’ या शब्दातले एक अक्षर गाळले, म्हणजे छोट्याशा डोक्यावर ते मावेल, ही त्यांची युक्ती. पुढच्याच वर्षी ज्युलियस बोरोस यांनी फीनिक्स ओपन या पटरने जिंकली. १९६७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कार्स्टन यांनी पक्की नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. आज वेगवेगळ्या कंपन्यांचे जे पटर दिसतात, त्यातल्या अनेकांचा आकार या अँसरवरूनच आलेला आहे.

‘लाय अँगल’ म्हणजे काय?

पटरनंतर सोल्हाइम यांनी लांबच्या फटक्यांच्या लोखंडी क्लबकडे, म्हणजे ‘आयर्न’कडे लक्ष वळवले. इथेच आजच्या विषयाचा गाभा आहे.

गोल्फचा क्लब जमिनीवर नीट टेकवला की त्याचा दांडा जमिनीशी एक कोन करतो. हा ‘लाय अँगल’. लांब दांड्याच्या ड्रायव्हरमध्ये हा कोन साधारण ५६ ते ६० अंश, मधल्या ७ नंबरच्या आयर्नमध्ये ६२ अंशांच्या आसपास आणि आखूड वेजमध्ये सुमारे ६४ अंश असतो. पटर त्याहून उभा असतो. नियमांनुसार पटरचा दांडाही उभ्या रेषेपासून किमान १० अंश झुकलेला असावा लागतो.

दुसरा कोन ‘लॉफ्ट’. डोक्याची चकती मागे किती कललेली आहे, ते तो सांगतो. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच.

क्लबच्या डोक्याची दांड्याकडची बाजू म्हणजे ‘हील’, अर्थात टाच. दूरची बाजू म्हणजे ‘टो’, अर्थात बोटे. बुटाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ही नावे परकी वाटली नसणार. चेंडूला लागताना डोक्याचा तळ टाचेपासून बोटांपर्यंत जमिनीला समांतर हवा. तसा नसेल तर काय होते?

*कोन जास्त उभा असेल तर :* टाच जमिनीला टेकते, बोटे वर उचलली जातात. चकती मागे कललेली असल्याने ती आता डावीकडे पाहू लागते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो.

*कोन जास्त सपाट असेल तर :* बोटे जमिनीत रुततात, टाच वर राहते आणि चेंडू उजवीकडे जातो. डावखुऱ्या खेळाडूसाठी हे सगळे उलटे.

घरी पाहायचे असेल तर मोबाइल हातात धरून मागे तिरका करावा आणि मग एका बाजूने थोडा उचलावा. स्क्रीन समोर न पाहता बाजूला पाहू लागते. मोबाइल जितका मागे कललेला, तितका हा परिणाम मोठा. म्हणूनच लाय अँगलची चूक जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबमध्ये जास्त जाणवते आणि ड्रायव्हरमध्ये कमी.

फरक किती पडतो?

साधे त्रिकोणमिती गणित पुरते. ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ अंश धरला आणि लाय ३ अंशांनी चुकला, तर चकतीची दिशा सुमारे २ अंशांनी बदलते. १४० मीटरच्या फटक्यात हे अंतर जवळपास ५ मीटर होते. ४६ अंश लॉफ्टच्या वेजमध्ये लायची प्रत्येक अंशाची चूक दिशेतही जवळपास एक अंशाची चूक करते. १० अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरमध्ये मात्र तीच चूक अंशाच्या पाचव्या भागाहूनही कमी भरते.

गोल्फच्या छिद्राचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. पाच मीटर बाजूला म्हणजे हिरवळीऐवजी वाळूच्या खड्ड्यात. आणि हे सगळे फटका अचूक बसला असताना.

खरा तोटा पुढे होतो. चेंडू सतत डावीकडे जातो असे दिसले की खेळाडू नकळत हात फिरवून तो उजवीकडे ढकलू लागतो. काठीची चूक शरीरात मुरते. पुढे योग्य काठी मिळाली तरी ती सवय जात नाही.

दांड्याची लांबी कुठे येते?

लांबी आणि कोन ही जोडगोळी आहे. भिंतीला शिडी लावताना हे सहज दिसते. वरचे टोक तेवढ्याच उंचीवर ठेवायचे आणि शिडी लांब घ्यायची, तर ती जास्त आडवी पडते. गोल्फमध्ये वरचे टोक म्हणजे खेळाडूचे हात. हातांची उंची तीच ठेवून दांडा लांब केला, तर तो जमिनीकडे जास्त झुकतो, पण डोके मात्र जुन्याच कोनात जोडलेले असते. परिणामी बोटे वर उचलली जातात. व्यवहारात अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटिमीटर, लांबी वाढली की क्लब साधारण एक अंश जास्त उभा असल्यासारखा वागतो, असे धरतात.

म्हणूनच नेहमीच्या संचात प्रत्येक पुढचा क्लब सुमारे अर्ध्या इंचाने आखूड आणि थोडा जास्त उभा असतो. लांब दांड्याने डोक्याचा वेग वाढतो, चेंडू दूर जाऊ शकतो, पण चकतीच्या मध्यावर तो लावणे अवघड होते. शिवाय डोके हाताला जड वाटू लागते. नियमांत पटर सोडून इतर क्लबची कमाल लांबी ४८ इंच आहे. २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा देण्यात आली. ब्रायसन डिशँबो हा अमेरिकी खेळाडू तर सगळे आयर्न एकाच लांबीचे वापरतो, म्हणजे प्रत्येक फटक्याला उभे राहण्याची ढब तीच राहते.

सोल्हाइम यांनी काय बदलले?

१९६९ मध्ये त्यांनी ‘कार्स्टन वन’ हे आयर्न आणले. मागची बाजू कोरून वजन कडांवर नेलेले. म्हणजे पटरमधलेच कावडीचे तत्त्व. त्या काळी चांगले आयर्न ठोकून घडवलेले असत. सोल्हाइम यांनी ते पोलादाच्या सूक्ष्म ओतकामाने बनवले, त्यामुळे एक नग दुसऱ्यासारखा निघू लागला. जुन्या खेळाडूंना ते ओबडधोबड वाटले. मध्यावर चेंडू न लागणाऱ्या हौशी खेळाडूंना मात्र ते वरदान ठरले.

त्याहून महत्त्वाचे पाऊल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पडले. खेळाडूची उंची आणि उभे असताना मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर, या दोन मापांवरून योग्य लाय अँगल आणि लांबी सांगणारा तक्ता त्यांनी तयार केला. प्रत्येक कोनाला एक रंग दिला आणि त्या रंगाचा छोटा ठिपका क्लबच्या डोक्यावर लावला. काळा ठिपका म्हणजे मधले, मानक माप. लाल, नारिंगी, तपकिरी हे क्रमाने सपाट बाजूचे, तर निळा, हिरवा, पांढरा हे क्रमाने उभ्या बाजूचे.

दोन मापे का? कारण एकट्या उंचीवरून काही ठरत नाही. पाच फूट सात इंचांची दोन माणसे शेजारी उभी केली आणि एकाचे हात लांब असले, तर त्याची मनगटे जमिनीच्या जवळ येतात आणि त्याला जास्त सपाट क्लब लागतो. पायाची लांबी सारखी असली तरी रुंदी वेगळी असू शकते, हे बुटांच्या दुकानातले रोजचे सत्य होते. गोल्फच्या दुकानाला ते तक्त्यासकट शिकवले गेले.

हा तक्ता सुरुवात म्हणून उत्तम, पण अंतिम नाही. फटका मारताना वेगामुळे दांडा किंचित वाकतो आणि बोटांकडची बाजू खाली झुकते. कुणी हात उंच ठेवून मारतो, कुणी खाली. म्हणून आजही खेळाडूला प्रत्यक्ष चेंडू मारायला लावतात. क्लबच्या तळाला पट्टी चिकटवून कडक फळीवरून फटका मारायचा आणि पट्टीवर घासल्याची खूण कुठे उमटते ते पाहायचे, ही एक पद्धत. खूण टाचेकडे असेल तर क्लब जास्त उभा, बोटांकडे असेल तर जास्त सपाट. दुसरी पद्धत आणखी सोपी. चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढून ती चकतीकडे ठेवायची. फटक्यानंतर चकतीवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर कोन योग्य. बहुतेक आयर्नची मान यंत्रात धरून एक-दोन अंश वाकवता येते, त्यामुळे प्रत्येक वेळी नवा संच घ्यावा लागत नाही.

वाद कशावरून झाला?

१९८२ मध्ये आलेले ‘पिंग आय टू’ हे आयर्न गोल्फच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक ठरले. आणि त्यानेच सोल्हाइम यांना आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लढाईत ओढले. चकतीवरच्या आडव्या खाचा चौकोनी होत्या आणि त्यांच्या धारदार कडांनी चेंडूचे आवरण सोलवटे. म्हणून कंपनीने कडा किंचित गोल केल्या. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने मोजणी करून ठरवले की त्यामुळे खाचांमधले अंतर नियमापेक्षा कमी भरते, सबब हे क्लब नियमबाह्य. मोजायचे कुठून, कडेच्या सुरुवातीपासून की गोलाई संपते तिथून, एवढ्या बारीक प्रश्नावर लाखो खेळाडूंच्या पिशवीतले क्लब बाद होण्याची वेळ आली.

सोल्हाइम यांचे वय तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. तडजोड करून नवे क्लब विकणे सोपे होते. पण ज्यांनी आपले क्लब विश्वासाने घेतले त्यांना ते फेकून द्यावे लागतील, हे त्यांना मान्य नव्हते. १९८९ मध्ये ते न्यायालयात गेले. जानेवारी १९९० मध्ये संघटनेशी समझोता झाला. नव्या क्लबच्या खाचा बदलायच्या, पण आधी बनलेले आय टू वैध राहतील, असे ठरले. व्यावसायिकांच्या पीजीए टूरशी चाललेला खटला १९९३ मध्ये मिटला.

त्या समझोत्याचा प्रभाव सोल्हाइम यांच्या मृत्यूनंतरही दिसला. २०१० मध्ये खाचांचे नियम आणखी कडक झाले, तेव्हा फिल मिकलसनने वीस वर्षे जुना आय टू वेज पिशवीत घातला. जुन्या करारामुळे तो वैध होता. त्यावरून नवा वाद पेटला आणि अखेर पिंग कंपनीनेच व्यावसायिक स्पर्धांपुरता आपला हक्क सोडला.

त्यांचा वारसा कोणता?

१९९० मध्येच अमेरिका आणि युरोपच्या महिला व्यावसायिकांमधील ‘सोल्हाइम चषक’ सुरू झाला. पहिली लढत फ्लोरिडातील लेक नोना येथे झाली. पुरुषांच्या रायडर चषकाच्या तोडीची स्पर्धा महिलांना मिळावी यासाठी सोल्हाइम कुटुंबाने पाठबळ दिले होते. १९९५ मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रे मुलगा जॉन यांच्याकडे दिली. १६ फेब्रुवारी २००० रोजी फीनिक्समध्ये कार्स्टन यांचे निधन झाले. २००१ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश झाला.

आपल्याकडे याचे महत्त्व काय?

गोल्फ महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ मध्ये स्थापन झाला होता. चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आणि पुण्यात येरवड्याचा गोल्फ कोर्स जुने आहेत. रायगड जिल्ह्यात खारघरला सिडकोचा कोर्स आहे. या खेळात आपल्याकडचे अनेक गुणी खेळाडू कॅडी म्हणून, दुसऱ्याची पिशवी वाहत वर आले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हेही त्यांपैकीच. अशा मुलांच्या हाती पहिला क्लब येतो तो कुणाचा तरी वापरून झालेला, बहुधा त्याच्याहून उंच माणसासाठी बनलेला. लहान मुलांना तर मोठ्यांचा दांडा नुसता कापून दिला जातो. दांडा अर्धा इंच कापला की लाय साधारण एक अंशाने सपाट वागू लागतो आणि डोके हाताला हलके वाटू लागते, हे कापणाऱ्याला ठाऊक नसते. मग चेंडू उजवीकडे जातो आणि मुलाला हात चुकतो म्हणून ओरडा बसतो.

तेव्हा शिकवणी बदलण्याआधी तळाला एक पट्टी चिकटवून पाहावी. त्याला चिकटपट्टी आणि एक फळी एवढाच खर्च येतो. खूण मधोमध उमटली तर दोष हाताचा, मेहनत करायला हरकत नाही. ती एका बाजूला सरकली असेल, तर आधी काठी दुरुस्त करावी आणि मग मुलाला बोलावे.